डब्याची स्मरणशक्ती

ज्या डब्यावर सगळं ऑफिस चालतं तो डबा नेमका कुठे आहे, हे ऑफिसातल्या कोणालाच सांगता येत नाही. 'स्विच कुठे बसवलाय?' असं विचारलं की साहेब भिंतीवरच्या दिव्याच्या बटणाकडे बोट दाखवतात. 'तो नव्हे, नेटवर्कचा,' म्हटलं की 'हां, नेटचा डबा होय!' असं म्हणून शिपाईमामांना हाक जाते. मामांना ठाऊक असतं. डबा संडासाच्या दरवाजाच्या वर असतो, नाहीतर जिन्याखाली, जुने बॅनर आणि वार्षिक सभेच्या उरलेल्या अहवालांच्या शेजारी. एका पतसंस्थेत तो देवाच्या फळीवर, लक्ष्मीच्या तसबिरीला टेकून बसलेला मी पाहिला आहे. तिथे निदान रोज सकाळी कोणीतरी त्याच्या दिशेने हात जोडून उभं राहायचं. बाकी ठिकाणी देखरेख म्हणजे एवढीच: 'लुकलुकतंय न्हवं? मग चालू हाय.'

डब्याचं काम सांगायला सोपं आहे. चोवीस नाहीतर अठ्ठेचाळीस भोकं, प्रत्येक भोकात एक वायर. कोणत्या वायरीच्या टोकाला कोणता संगणक आहे ते लक्षात ठेवायचं आणि ज्याचा मजकूर त्यालाच पोचवायचा. याच्या आधी हब असायचा. तो एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकवायचा. (हब गेले, काही ऑफिसांत ती जबाबदारी आता माणसांनी उचलली आहे.) पहिला इथरनेट स्विच १९९० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या ज्या कंपनीने काढला तिचं नाव होतं कल्पना. विनोद भारद्वाज हे तिचे भारतीय वंशाचे सहसंस्थापक. कंपनीला त्यांनी बायकोचं नाव दिलं होतं. आपल्याकडे बायकोचं नाव फार तर बंगल्याला देतात, तेही गृहकर्ज तिच्या नावावर असेल तर. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली आणि पुढच्या डब्यांवर सिस्कोचं नाव आलं.

या सिस्कोच्या डब्याला दोन आठवणी असतात. एक रनिंग कॉन्फिग, म्हणजे आत्ता जे चाललं आहे ते. दुसरी स्टार्टअप कॉन्फिग, म्हणजे वीज जाऊन आल्यावर डबा जे वाचून उठतो ते. तुम्ही एखादा हुकूम टाइप केला की तो त्या क्षणापासून लागू होतो, आणि खरी गोम इथेच आहे. काम झालेलं दिसतं. समोरचा माणूस 'आलं, आलं, नेट आलं!' म्हणून ओरडतो. तुम्ही चहाला जाता. पण शेवटी 'राइट मेमरी' हा हुकूम दिलेला नसतो, त्यामुळे केलेलं सगळं पहिल्या आठवणीत राहतं आणि दुसरीला त्याचा पत्ता नसतो. पुढे आठ महिन्यांनी यूपीएसची बॅटरी मान टाकते, डबा बंद होऊन चालू होतो आणि आठ महिन्यांपूर्वीच्या सकाळी जागा होतो.

माझ्याकडे देखभालीच्या करारावर काही कॉलेजं, दोन-चार पतसंस्था आणि एक साखर कारखाना आहे. कारखान्यात वावरल्यापासून माझी खात्री झाली आहे की डब्याला आपण उगीच नावं ठेवतो. आख्खा कारखानाच रनिंग कॉन्फिगवर चालतो. वजनकाट्याच्या खोलीची किल्ली कुठल्या खिळ्याला असते, बैलगाड्यांची रांग कुठून वळवायची, को-जनचा, म्हणजे वीजनिर्मिती विभागाचा, फोन लागला नाही तर कोणाला हाक मारायची, यातलं एक अक्षर कागदावर नाही. सगळं चालू आहे, कारण ते ज्यांच्या डोक्यात आहे ती माणसं चालू आहेत. मग त्यातला एक जण मेअखेरीस निवृत्त होतो. शाल, श्रीफळ, अध्यक्षांचं भाषण, 'कारखाना आपली सेवा विसरणार नाही' वगैरे होतं. नोव्हेंबरात गव्हाणीत मोळी पडते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावरचं नेट बंद. बाहेर ट्रॅक्टरची रांग हमरस्त्यापर्यंत. प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं. ऊस वाळायला लागलाय आणि वाळलेल्या उसाबरोबर शेतकऱ्याचं वजनही उतरतंय, म्हणजे पावतीवरचं; आवाज चढलेलाच असतो.

अशा वेळी कारखाना ज्यांना विसरणार नव्हता त्या अण्णांना फोन जातो. अण्णा पुण्याला लेकीकडे, नातवाला झोपवत असतात.

"अण्णा, काट्यावरचं नेट गेलंय."

"पत्र्याची पेटी दिसती का?"

"दिसती की."

"ती उघडू नका. तिच्या मागं एक पिवळी वायर गुंडाळलीय, तिला तर हातच लावू नका. आता डब्याच्या तिसऱ्या भोकातली काढा आन् अकराव्यात घाला."

"अकराव्यातच का, अण्णा?"

"त्ये मला काय म्हाईत? मागल्या हंगामात चाललं हुतं."

आणि चालतं! अकरावं भोक कोणीतरी, केव्हातरी, काट्याच्या स्वतंत्र गटात टाकून ठेवलेलं असतं. कोणी, केव्हा आणि का, हे ना डब्यावर लिहिलेलं, ना वहीत. काटा सुरू झाला की सगळ्यांना इतका आनंद होतो की तो प्रश्न पुढच्या हंगामासाठी राखून ठेवला जातो.

असे प्रश्न राखून ठेवायचे नसतील तर दोन गोष्टी कराव्या लागतात: डब्यावर नजर ठेवायची आणि त्याच्या आठवणीची नक्कल रोज काढून ठेवायची. सांगायला एका वाक्यात बसतं.

आधी नजर. डब्याला प्रश्न विचारायची एक ठरलेली भाषा आहे, एसएनएमपी. १९८८ पासून वापरात आहे. 'तुझा ताप किती? कुठल्या भोकातून किती मजकूर गेला? केव्हापासून जागा आहेस?' असं विचारायचं आणि डब्याने आकडा सांगायचा. त्यासाठी एक परवलीचा शब्द लागतो आणि जुन्या यंत्रांवर तो बनवणाऱ्यांकडून येतानाच 'पब्लिक' असा असायचा. डब्यात बदल करायचे असतील तर शब्द 'प्रायव्हेट'. चोराला एवढी मदत कोणी केली नसेल. बऱ्याच ठिकाणी हे शब्द आजही तसेच आहेत, कारण बदलले तर लक्षात कोण ठेवणार?

आलेल्या आकड्यांची चित्रं काढणारा एमआरटीजी नावाचा एक जुना प्रोग्रॅम आहे. त्याची जन्मकथा मला फार आवडते. १९९४ च्या उन्हाळ्यात टोबी ओटिकर इंग्लंडमधल्या लेस्टरला एका विद्यापीठात काम करत होता. हजारेक संगणक आणि बाहेर जायला लाइन एकच, ६४ किलोबिटची. मोठी लाइन मिळायला वर्षभर तरी लागणार होतं. तेव्हा गडी बसला आणि त्याने अशी सोय केली की लाइनची अवस्था किती वाईट आहे हे निदान सगळ्यांना ताजं ताजं बघता यावं. हे वाचल्यावर मला त्याच्याबद्दल एकदम आपलेपणा वाटला. काम होत नसेल तर कामाचा तक्ता भिंतीवर लावणं ही फक्त आपल्याकडची रीत नाही तर!

तेव्हापासून हिरवी टेकडी म्हणजे आत येणारा मजकूर आणि निळी रेघ म्हणजे बाहेर जाणारा, अशी चित्रं जगभरच्या नेटवर्कवाल्यांच्या पडद्यावर असतात. कारखान्यात मी ती लावली आणि मला ऑफिसची कुंडली मिळाली. हजेरी साडेनऊची, टेकडी सव्वादहाला उगवते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने खाली यायला हवं, तर ती तेव्हाच सर्वांत उंच. भारताची मॅच असली की ती दिवसभर पठारासारखी सपाट राहते आणि विकेट पडली की भिंतीपलीकडून एकदम 'अरेऽऽ' ऐकू येतो. एकतीस मार्चला लेखा विभागाचं भोक रात्री अकरापर्यंत जागं असतं. वर्षातला तेवढा एक दिवस चित्र आणि हजेरीपट जुळतात.

यात एक धर्मसंकट असतं. एक दिवस मोठे साहेब बोलावतात. 'नेट फार स्लो आहे. कोण एवढं वापरतंय, मला नाव हवं.' आपल्या हातात भोकाभोकाची चित्रं असतात. चौदाव्या भोकातून सकाळपासून सिनेमे वाहत असतात आणि चौदावं भोक साहेबांच्याच केबिनचं असतं. अशा वेळी नेटवर्कवाल्याने 'लोड एकंदरीतच वाढलाय, साहेब' असं म्हणावं. मुत्सद्देगिरीचा हा धडा कुठल्याही सर्टिफिकेटच्या अभ्यासक्रमात नाही. उलट एमआरटीजीने तो सोपा करून ठेवला आहे: तो दर पाच मिनिटांची सरासरी काढतो, त्यामुळे अर्धा मिनिट सगळं गच्च होऊन लोकांनी आरडाओरडा केला तरी चित्रात रस्ता मोकळाच दिसतो. माणूस खरं सांगत असतो, चित्रही खरं सांगत असतं आणि मधल्या मध्ये आपण चहा मागवतो.

तापाचं चित्र त्याहून बोलकं. बहुतेक ऑफिसी डबे भोवतालची हवा ४५ अंशांपर्यंत तापली तरी चालतील असं बनवणारे सांगतात. त्यांनी खंडेनवमी हिशेबात धरलेली नसते. आपल्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा होते. त्यात लेथ आला, वेल्डिंग मशीन आलं, काटा आला, ट्रॅक्टर आला, मग नेटच्या डब्याने काय पाप केलं? त्यालाही हळदीकुंकवाची बोटं लागतात, समोर उदबत्ती लागते आणि झेंडूची एक भरगच्च माळ बरोबर त्या जाळीवर बसते जिथून बिचाऱ्याचा गरम श्वास बाहेर पडायचा असतो. चित्रावर रेघ नवमीला दुपारी चढायला लागते ती उतरत नाही. माळ काढायला कोण तयार होणार? 'आपसूक पडू द्या साहेब, काढू नये.' चार दिवसांनी माळ वाळते, पाकळ्या पंख्यात जातात, पंखा खरखरतो आणि रेघ आणखी चढते. कॅलेंडर न बघता मी चित्रावरून दसरा सांगू शकतो. नारळ डब्यापासून हातभर लांब फोडावा, असं कलम मात्र मी देखभालीच्या करारात घालून घेतलं आहे. त्यावर कार्यकारी संचालकांची सही आहे.

मग इशारे. काही बिघडलं की प्रोग्रॅमने आपल्याला मेल पाठवायचा, हे ऐकायला छान वाटतं. पण बाहेर जाणारी लाइन तुटली, तर लाइन तुटल्याचा मेल कोणत्या लाइनवरून जाणार? तो आत अडकून राहतो. लाइन जोडली गेली की 'लाइन बंद आहे' आणि 'लाइन चालू झाली' हे दोन्ही मेल हातात हात घालून येतात, कधीकधी उलट्या क्रमाने, आणि मग घरी जेवताना आपण उठून कारखान्याला फोन लावतो. तिकडून रखवालदार म्हणतो, 'चालू हाय की. तुमी जेवला का?'

दुसरी गंमत वयाची. आपण किती वेळ जागे आहोत हे डबा सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतो, आणि ते मोजायची त्याची जागा बत्तीस बिटांची. ती जागा ४९७ दिवसांनी भरते. मग जुन्या स्कूटरचा मीटर नव्व्याण्णव हजारांवरून शून्यावर यायचा तसा हा आकडा गपकन शून्यावर येतो. नजर ठेवणारा प्रोग्रॅम किंचाळतो: 'डबा बंद होऊन चालू झाला!' इलेक्ट्रिकल विभाग लगेच लेखी देतो की त्या रात्री वीज गेलेली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा इलेक्ट्रिकल विभाग खरं बोलत असतो आणि त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

खरोखरच बंद होऊन चालू झाला तर काय होतं? बऱ्याच जुन्या सिस्को डब्यांच्या घड्याळाला स्वतःची बॅटरी नसते. उठल्यावर बाहेरून कोणी वेळ सांगितली नाही तर ते १ मार्च १९९३, सोमवार, असं धरून चालतात. नरसिंह राव पंतप्रधान, मुंबई कागदोपत्री अजून बॉम्बे, सचिन एकोणीस वर्षांचा आणि सर्वसामान्य भारतीयांना इंटरनेट मिळायला दोन वर्षांहून जास्त अवकाश. काय बिघडलं ते शोधायला नोंदी उघडाव्यात तर डबा प्रामाणिकपणे सांगतो की अकराव्या भोकाची वायर १ मार्च १९९३ ला, मध्यरात्रीनंतर चार मिनिटांनी निघाली. त्या तारखेला कोण ड्यूटीवर होतं याची चौकशी करू, असं एका अधिकाऱ्याने मला गंभीरपणे सांगितलं होतं.

आता आठवणीची नक्कल. जुनी पद्धत टीएफटीपीची. ही पद्धत १९८० च्या आसपासची, आणि ती नाव विचारत नाही, पासवर्ड विचारत नाही. फाइल दिली की घेते, मागितली की देते. माणूस असती तर सरळ निवडून आली असती. पण तिथे नक्कल आपण काढायची असते, आणि 'आपण' म्हटलं की ते राहून जातं. म्हणून रॅन्सिड आणि त्याच्यानंतर आलेला ऑक्सिडाइज्ड असे फुकट मिळणारे प्रोग्रॅम आहेत. ते वेळ ठरवून डब्यात शिरतात, त्याची आठवण उतरवून घेतात, आधीच्या आठवणीशी ताडून पाहतात आणि जे बदललं तेवढंच दाखवतात: गेलेल्या ओळीपुढे वजा, आलेल्या ओळीपुढे अधिक.

हे दिसायला साधं आहे, पण कारखान्याच्या इतिहासात 'कोणी हात लावला?' या प्रश्नाला पहिल्यांदाच लेखी उत्तर मिळू लागलं. तोपर्यंतचं उत्तर पिढ्यान्पिढ्या एकच होतं: 'कोणी न्हाई.' आता सकाळी कागद समोर येतो की काल दुपारी सव्वातीनला सातवं भोक बंद केलं गेलं. कोणी? कागद तेही सांगतो: 'ॲडमिन'ने. मग कळतं की इलेक्ट्रिकल, टाइम ऑफिस, बाहेरचा सीसीटीव्हीवाला आणि त्याचा भाचा, सगळे ॲडमिन याच नावाने आत जातात, आणि पासवर्ड डब्याच्याच अंगावर चिकटपट्टीवर लिहिलेला आहे. चिकटपट्टीवर लिहायची वेळ आली कारण कोणीतरी म्हणालं होतं, 'लक्षात कोण ठेवणार?'

नक्कल काढली म्हणून निर्धास्त व्हावं, तर तेही नाही. डब्यात कोणकोणते गट आहेत ती यादी बरेचदा या आठवणीत नसतेच. ती व्हीएलएएन डॉट डॅट नावाच्या वेगळ्या फाइलीत असते. नवा डबा आणून नक्कल ओतली, प्रत्येक भोक आपापल्या गटाचं नाव सांगतंय आणि गटच अस्तित्वात नाही. सहकारातल्या माणसाला ही परिस्थिती समजावून सांगावी लागत नाही. शिवाय नवा डबा नव्या मॉडेलचा असला की भोकांची नावंच वेगळी, त्यामुळे निम्म्या ओळी तो ओळखतच नाही. आणि सगळ्यांत सुरेख प्रकार म्हणजे मुख्य डब्याची नक्कल सर्व्हरवर अगदी व्यवस्थित ठेवलेली असते आणि त्या सर्व्हरपर्यंत जायचा रस्ता त्याच मुख्य डब्यातून असतो. मग आकाशी रंगाची ती चपटी कन्सोल केबल शोधत सगळे फिरतात. ती सापडते. लॅपटॉपला तिची जागा नसते.

'एवढं कशाला? डबा आपणहून थोडाच विसरतो?' असं मला खरेदी समितीत विचारण्यात आलं. मी त्यांना २०१३ ची गोष्ट सांगितली. सिस्कोने तेव्हा आपल्या काही अठ्ठेचाळीस भोकांच्या डब्यांबद्दल जाहीर सूचनाच काढली होती. पहिल्या भोकाच्या अगदी वर एक बटण होतं. काही केबलींच्या टोकाला क्लिप तुटू नये म्हणून रबरी टोपी असते. अशी केबल पहिल्या भोकात घातली की टोपी ते बटण दाबून धरायची, आणि थोड्या वेळाने डबा सगळं विसरून नव्याने सुरू व्हायचा. क्लिप जपायला बसवलेली टोपी! समितीतल्या एका ज्येष्ठ संचालकांना हे फार पटलं. 'संरक्षणाला ठेवलेला माणूसच नडतो,' ते म्हणाले आणि का कोण जाणे, सभेत दोन मिनिटं कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

न लिहिलेल्या आठवणीची बाजूही मांडली पाहिजे, कारण आमच्या धंद्यातली सर्वांत शहाणी युक्ती तिच्यावरच उभी आहे. लांबच्या डब्यात घरबसल्या जोखमीचा बदल करायचा असेल तर जाणता माणूस आधी हुकूम देतो: 'दहा मिनिटांनी स्वतःला बंद करून चालू कर.' मग बदल करतो. चुकून स्वतःचाच रस्ता बंद झाला तर गप्प बसून राहायचं. दहा मिनिटांनी डबा झोपून उठतो, जुनी लिहिलेली आठवण वाचतो आणि आपली चूक त्याला आठवतही नाही. असा वरिष्ठ मला अजून भेटलेला नाही. फक्त बदल नीट जमला तर तो हुकूम मागे घ्यायचा असतो. पण नीट जमलं की माणूस खूश होऊन सगळ्यांना फोन करत सुटतो, आणि दहाव्या मिनिटाला, अभिनंदन स्वीकारतानाच, फोनच्या दोन्ही बाजूंना एकदम शांतता पसरते.

समितीला माझं म्हणणं अखेर पटलं. नक्कल काढणारा प्रोग्रॅम घ्यायचं एकमताने ठरलं. किंमत किती, असा प्रश्न आला. मी म्हटलं, फुकट. तिथे सगळं अडलं. कारखान्याच्या नियमाप्रमाणे कोणतीही वस्तू घ्यायला तीन कोटेशन लागतात. मी रॅन्सिडचं शून्य रुपये, ऑक्सिडाइज्डचं शून्य रुपये आणि तिसरं आणखी एका प्रोग्रॅमचं, तेही शून्य रुपये, असा तुलनात्मक तक्ता करून दिला. स्टोअरने विचारलं, तिन्ही दर सारखे कसे? पुरवठादारांनी संगनमत केलंय का? लेखापरीक्षकांनी शेरा मारला की सर्वांत कमी दराचा पुरवठादार निश्चित करता येत नसल्याने वाटाघाटी करून दर आणखी खाली आणावा. ती फाइल सध्या लेखा विभागात आहे.

टाइम ऑफिसमधल्या एका निकामी ठरवलेल्या संगणकावर नक्कल रोज रात्री दोन वाजता निघते. त्याला अजून मंजुरी नाही.